कॉलन्या हाताने १४२, इमेज-जेने ९७: कोणता आकडा धरू?

प्रश्न
हीला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) किरणांचा डोस देऊन क्लोनोजेनिक अ‍ॅसे करते आहे, म्हणजे डोसनंतर किती पेशींपासून कॉलनी (वसाहत) वाढते ते मोजायची चाचणी. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटा, १२ दिवस इन्क्युबेटरमध्ये, मग क्रिस्टल व्हायोलेटचा रंग. आजवर प्लेट उलटी धरून मागून मार्करने ठिपके देत मोजायचे. परवा तीच प्लेट दुसऱ्यांदा मोजली तर माझेच आकडे जुळेनात, म्हणून प्लेटा स्कॅन करून इमेज-जे या चित्रं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. डोस नसलेल्या वेलमध्ये (२०० पेशी पेरलेल्या) हाताने १४२, सॉफ्टवेअरने ९७. ६ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) दिलेल्या वेलमध्ये (२००० पेशी) हाताने ३८, सॉफ्टवेअरने ६१! एकीकडे कमी, एकीकडे जास्त. पुढच्या आठवड्यात गाइडना आलेख दाखवायचा आहे.

उत्तर १
वॉटरशेड (एकमेकांना चिकटलेले ठिपके वेगळे करणारी सोय) लावलंत का? त्याशिवाय चिकटलेल्या कॉलन्या एकच धरल्या जातात. आणि वेलची गडद कड आधी कापून टाका.

उत्तर २
अगं, आधी जगलेल्या पेशींचं प्रमाण काढून बघ: दोन्ही वेलमध्ये कॉलन्यांना पेरलेल्या पेशींनी भाग, मग ६ ग्रेचा आकडा डोस नसलेल्याच्या आकड्याने भाग. हाताच्या आकड्यांनी २.७ टक्के येतं, सॉफ्टवेअरच्या आकड्यांनी ६.३. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात, आणि तुझ्या पेशी आहेत त्याहून किरणांना दाद न देणाऱ्या दिसतात. म्हणून मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

६१ कुठून आले? डोस मिळालेल्या काही पेशी तीन-चारदा विभागून थांबतात. त्यांचे पुंजके रंगतात, पण ५० पेशी नसतील तर ती कॉलनी नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम ५० पेशींची कॉलनी शोध, स्कॅनवर तिचं क्षेत्रफळ मोज आणि तीच किमान मर्यादा ठेव. मात्र डोस मिळालेल्या पेशी फुगतात, तेव्हा मर्यादेच्या आसपासचे ठिपके डोळ्यांनीच तपास. पक आणि मार्कस या संशोधकांनी १९५६ मध्ये क्ष-किरणांचा आलेख काढला तोही हीला पेशींवरच. एका पेशीतून अख्खी वसाहत उभी राहते का, हाच त्यांचा प्रश्न होता. सॉफ्टवेअरला तो प्रश्न माहीत नाही, तू सांगायचा आहेस.

प्रश्नकर्ती
मॅडम, केलं. वॉटरशेड आणि किमान क्षेत्रफळ लावून १३१ आणि ४१ आले, म्हणजे ३.१ टक्के. उरलेला फरक मधल्या दाटीतला आहे. पेरताना मी प्लेट गोल फिरवली होती, पेशी मध्यभागी जमल्या. पुढच्या वेळी डोस नसलेल्या वेलमध्ये १०० च पेरते, आणि प्लेट मागे-पुढे, डावी-उजवी हलवते.