पीडीएफवाले चोर, मग कुलूप लावून बसलेले कोण?

जयेंद्रगंजवाला

काल 'दानाओली ते डेक्कन' ताईंनी ग्रुपवर फर्मान काढलं: मराठी पुस्तकाची पीडीएफ पुढे पाठवणारा आणि दुकानातून पुस्तक उचलून पळणारा यांत काडीचा फरक नाही, अशांना ग्रुपमधून हाकला. खाली लगेच टाळ्या. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही पुण्यात बसून बोलता. इथे ग्वाल्हेरला, बाड्याच्या बाजारात या आणि एक मराठी कादंबरी मागून दाखवा. स्पर्धा परीक्षांची गाइडं ढिगानं मिळतील. पुण्याहून मागवावं तर टपालखर्च जड होतो, आणि त्यातल्या त्यात स्वस्त असलेलं रजिस्टर्ड बुक पोस्ट टपाल खात्यानं डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. हे झालं छापल्या जाणाऱ्या पुस्तकांचं. माझ्या यादीतली निम्मी पुस्तकं छापलीच जात नाहीत. प्रकाशकाला फोन केला की 'आवृत्ती संपली'. नवी कधी? 'मागणी नाही.' मग स्कॅन करून ठेवू का? 'हक्क आमचे आहेत.' स्वतः विकायचं नाही, दुसऱ्याला वाचू द्यायचं नाही, आणि वर चोर मी!

'लेखकाच्या पोटावर पाय' हे पालुपद तर आता नकोच. १९५७ च्या कायद्यात लेखक गेल्यावर ५० वर्षं हक्क चालत. टागोर गेले १९४१ मध्ये, म्हणजे १९९१ संपलं की त्यांचं साहित्य सगळ्यांचं होणार होतं. तर २८ डिसेंबर १९९१ ला, वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना, वटहुकूम काढून मुदत ६० केली. टागोरांचे हक्क विश्वभारतीकडे होते, तिची सोय झाली. आता गंमत बघा. आपले भा. रा. तांबे, ग्वाल्हेरचे राजकवी, तेसुद्धा १९४१ मध्येच गेले. म्हणजे बंगालच्या सोयीसाठी आमचे तांबे आणखी दहा वर्षं कुलपात. या जादा दहा वर्षांत तांब्यांनी किती नव्या कविता लिहिल्या, सांगता?

अमेरिकेत १९९८ मध्ये असंच २० वर्षांनी वाढवलं. सगळ्यांना ठाऊक आहे की ते कुठल्या कार्टून कंपन्यांना हवं होतं. मिकी माउसचं पहिलं रूप मोकळं व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं.

आणि पैसे मोजून तरी काय मिळतं? २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले म्हणे. रात्री घरात शिरून पुस्तक न्यायचं आणि उशाशी नोटा ठेवायच्या, त्यातला प्रकार. मी स्वतः एका मराठी ॲपवर पैसे भरून पुस्तकं घेतली होती. ॲप बंद पडलं. पुस्तकंही गेली, पैसेही गेले. त्या चोरीला काय नाव द्यायचं ते ताईंनी सांगावं.

दानाओली ते डेक्कन

नाव घेऊन धागा काढलात, उत्तरही ऐका. आवृत्ती संपलेल्या पुस्तकांबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. परवा ग्रुपवर जी पीडीएफ पडली ती गेल्या दिवाळीत आलेल्या पुस्तकाची. ते पुस्तक दुकानात आहे, ऑनलाइन आहे, ग्वाल्हेरला घरपोच येतं. ते फुकट लाटायचं आणि विषय निघाला की टागोरांच्या दाढीआड लपायचं, हे बरं आहे.

तांब्यांबद्दल एवढा उमाळा आलाय, तर ऐका. १ जानेवारी २००२ पासून तांबे मोकळे आहेत. वीस वर्षं उलटून गेली. कुलूप निघालं, मग पुढे काय? जयेंद्रगंजातून कुणी एक कविता तरी नीट टाइप करून, शुद्धलेखन तपासून नेटवर चढवली? तुम्ही चढवलीत?

मुरारकर

ताई, घाव वर्मी बसला बरं का. जयेंद्रगंज गप्प.

जयेंद्रगंजवाला

गप्प नाही, ऑफिसात होतो. नाही चढवली. पण मी नाही केलं म्हणून वटहुकूम बरोबर ठरतो का?

खर्डेघाशी

मी भाषांतरं करतो. माझं एक पुस्तक बाजारात आलं आणि आठवडा उलटायच्या आत टेलिग्रामवर. वर लिहिलेलं: 'ज्ञान दिल्याने वाढते.' ज्ञानाचं माहीत नाही, त्याच्या चॅनलचे सभासद मात्र वाढले. आणि मला ही बातमी कुणी दिली? सख्ख्या चुलतभावानं. त्यानं ती पीडीएफ मलाच पाठवली आणि खाली लिहिलं, 'अरे, तुझं पुस्तक मिळालं, मस्त झालंय!' लग्नात पाकिटात हजार रुपये घालतो हा माणूस, पण पुस्तकाला तीनशे निघत नाहीत.

मुरारकर

काका, रागावू नका, पण रॉयल्टी किती मिळते तुम्हाला?

खर्डेघाशी

भाषांतराला एकरकमी देतात.

मुरारकर

म्हणजे शंभर प्रती खपल्या काय आणि हजार खपल्या काय, तुम्हाला तेवढेच. मग पीडीएफनं तुमचं काय गेलं? शून्य. गेलं ते प्रकाशकाचं, ज्यानं तुमचे हक्क लिहून घेतले.

खर्डेघाशी

हे शून्य तुमच्याकडेच ठेवा. त्यानंतर मी नवं काम मागायला गेलो तर उत्तर मिळालं, 'मागचं उचललं गेलं नाही हो.' उचललं गेलं होतं, टेलिग्रामवरून. प्रकाशक मला पिळतो हे तुम्ही मला शिकवू नका. पण त्यानं पिळलं म्हणून तुम्हीही पिळायचं, आणि वर त्याला क्रांती म्हणायचं?

कंपूवाले वकील

दोन्ही बाजूंनी कायदा अर्धाच सांगितला जातोय. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या एका झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता. १६ सप्टेंबर २०१६ ला हायकोर्टानं तो फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं निकालात स्वच्छ लिहिलंय. शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतींना कलम ५२ मध्ये सूट आहे. पुढे प्रकाशकांनी माघार घेतली.

पण त्या निकालावर टेलिग्रामचं दुकान चालत नाही. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानंच एका कोचिंगच्या शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला चॅनलवाल्यांची माहिती द्यायला लावली. आणि कायदा नेहमी कंपन्यांचाच असतो हेही खरं नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला आता लिहूनसुद्धा घेता येत नाही, ही २०१२ ची दुरुस्ती आहे. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. भाषांतरकारांसाठी कोण भांडलं, हा प्रश्न जास्त कामाचा.

थीसिस अडकलेली

कादंबऱ्यांचं तुम्ही बघा, माझं दुखणं वेगळं आहे. माझ्या विषयातले लेख लिहिणारे प्राध्यापक, तपासणारे प्राध्यापक, दोघांनाही दमडी मिळत नाही. तरी एक लेख वाचायला कंपनी डॉलरमध्ये जे मागते त्यात माझं महिन्याचं पेट्रोल निघेल. असे लेख फुकट देणारी साय-हब ही साइट होती तोवर श्वास होता. एल्सेव्हियर आणि इतर प्रकाशक मंडळी २०२० मध्येच कोर्टात गेली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये साइट बंद करायचा हुकूम झाला. संशोधनाची नियतकालिकं सगळ्यांना एकाच वर्गणीत मिळावीत म्हणून सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांचे ६००० कोटी मंजूर केलेत. उत्तम. पण ते सरकारी संस्थांसाठी, मी शिकवते खासगी कॉलेजात. यात लेखकाच्या पोटाचा प्रश्न आहे कुठे, ताई?

दानाओली ते डेक्कन

साय-हबबद्दल माझा आक्षेप नाही. झालं समाधान? पण तुमच्या रांगेत ते दिवाळीच्या कादंबरीवाले घुसतात, त्याचं काय?

मुरारकर

अहो, ग्वाल्हेरच्या लोकांनी पायरसीला नावं ठेवावीत म्हणजे कमाल झाली. आपलं अख्खं ग्वाल्हेर गायकीचं घराणं पडद्याआडून उचललेलं आहे. बडे मोहम्मद खाँ दरबारात गायचे, महाराजांनी हद्दू-हस्सू खाँना पडद्यामागे बसवून ती गायकी उचलायला लावली. मूळ मालकाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यावर पुढे आपण दर डिसेंबरला तानसेन समारोहात शाल-श्रीफळ वाटतो.

काळी चार

वाचत होतो, बोलणार नव्हतो. पण हे वाक्य सहन होत नाही. एक तर ती दंतकथा आहे. आणि खरी धरली तरी ऐकून ती तान गळ्यातून काढायला किती वर्षांचा रियाज लागतो, याची कल्पना आहे का? पडद्यामागून ऐकणाऱ्यानं रक्त आटवलं. पीडीएफ फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो. दोन्ही एका तागडीत घालताय!

मुरारकर

रियाज त्यांचा, मान्य. माल कुणाचा होता?

काळी चार

'माल' म्हणणाऱ्याशी गाण्यावर बोलायचं म्हणजे... जाऊ द्या.

जयेंद्रगंजवाला

बुवा, जाऊ नका, मुद्दा मुरारकरांचाच पुढे नेतो. ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात गेलं कसं? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, म्हणून. त्यांचे शिष्य पलुस्कर, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला जाऊन सगळ्यांसाठी शाळाच उघडली. भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या चिजा, म्हणजे बंदिशी, जमवल्या, स्वरलिपीत छापल्या. इथलं माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, त्यांच्याच पद्धतीनं शिकवणारं. ज्यांच्या चिजा छापल्या त्या खाँसाहेबांना किती रॉयल्टी गेली? तेव्हाही कुरकुर झालीच असणार. आज त्याच पुस्तकांवर आपण परीक्षा देतो.

काळी चार

भातखंड्यांनी वर्षानुवर्षं पदरमोड करून गावोगाव फिरून ते केलं. चॅनल काढून जाहिराती लावल्या नाहीत. आणि चीज छापली म्हणजे गाणं मिळालं असं वाटत असेल तर पुस्तक उघडून गाऊन दाखवा. आमच्या गुरुजींनी पहिली कित्येक वर्षं वही धरू दिली नाही हातात. विद्या जपून देतात त्याला कारण असतं. कोणाच्याही हाती पडली की ती रस्त्यावर येते.

खर्डेघाशी

जपण्यावरून आठवलं. आमचे आजोबा गात. मोठे गवई नव्हते, पण त्यांच्याकडे चिजांची एक जाड वही होती, काही चिजा म्हणे दुसरीकडे कुठेच नव्हत्या. ती वही थोरल्या काकांकडे गेली. संगीत महाविद्यालयातले लोक दोनदा विनंती करायला आले, काकांनी चहा पाजून परत पाठवले. 'घराण्याची ठेव आहे.' काका गेल्यावर ट्रंक उघडली. माणसांना दाखवली नव्हती, वाळवीला दाखवली होती. पुठ्ठे तेवढे शिल्लक.

जयेंद्रगंजवाला

काका, हेच तर मी सकाळपासून ओरडतोय!

खर्डेघाशी

नाही. काकांनी वही दिली असती तर आनंद होता. ती कुणी ट्रंक फोडून नेली असती तर मी पोलिसात गेलो असतो. माझं वाक्य तुमच्या खिशात घालू नका.

मुरारकर

पोलिसात गेला असता, पण चिजा वाचल्या असत्या.

खर्डेघाशी

तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे. मुरारचे सगळे असेच का?

कंपूवाले वकील

गावावर जाऊ नका मंडळी. पुस्तकांवर या.

जयेंद्रगंजवाला

येतो. मोठ्यांचं बघा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टकचेरीत बाहेर आलं की फेसबुकवाल्या मेटानं एआयला शिकवण्यासाठी पायरसीच्या साठ्यांतून पुस्तकं टॉरेंटनं उतरवून घेतली. अँथ्रोपिक या एआय कंपनीनंही तशाच साठ्यांतून लाखांनी पुस्तकं घेतली होती, त्यांनी लेखकांशी १५० कोटी डॉलरवर तडजोड केली. यांना कुठल्या ग्रुपमधून काढलं? आमच्या रिटायर्ड मास्तरांनी एक पीडीएफ पाठवली की लगेच 'हाकला'. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दानाओली ते डेक्कन

उदाहरण तुमच्याच अंगावर उलटतंय. ते १५० कोटी डॉलर कशाच्या जोरावर वसूल झाले? कॉपीराइटच्याच ना? तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो कायदा मोडीत काढला असता तर कंपनीनं एक सेंट दिला नसता.

खर्डेघाशी

ताई, तुमच्या बाजूचा असूनही सांगतो, त्या पैशांवर उड्या मारू नका. पुस्तकामागे साधारण ३००० डॉलर मिळायचे, पण कुणाला? ज्यांचं पुस्तक अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदवलेलं आहे त्यांना. इथल्या कुठल्या मराठी लेखकानं वॉशिंग्टनला नोंदणी केलीय? आपलं कुणी खाल्लं असलं तरी बिल मागायला जागा नाही.

जयेंद्रगंजवाला

म्हणजे कायदा आहे, फक्त आपल्यासाठी नाही.

बरं, भांडण किती ताणायचं. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ मी यापुढे टाकणार नाही. ताईंच्या भीतीनं नव्हे, काकांच्या चुलतभावासारखा दिसायला नको म्हणून. आवृत्ती संपलेल्यांची टाकणार, उघडपणे टाकणार.

दानाओली ते डेक्कन

मोठे उपकार. आवृत्ती संपली हे ठरवणार कोण? तुम्हीच?

जयेंद्रगंजवाला

प्रकाशक. त्यानं फोनवर 'संपली' म्हटलं की ते वाक्य पीडीएफच्या वर लिहीन, तारखेसकट.

कंपूवाले वकील

तो तुमच्याविरुद्ध लेखी पुरावा होईल. फीबद्दल नंतर बोलू.

काळी चार

वकीलसाहेब, इथे आहात तर विचारून घेतो. मी विद्यार्थ्यांसाठी यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो. भूप रागातली एक बंदिश, दीडशे वर्षं तरी जुनी, रचणारा कोण तेही माहीत नाही. मी गायलो, तंबोरा माझा, तबल्यावर माझा भाचा. दुसऱ्या दिवशी एका म्युझिक कंपनीचा दावा आला की हे आमचं रेकॉर्डिंग आहे. जाहिरातीचे पैसे तिकडे वळले.

कंपूवाले वकील

यंत्रानं जुळवलं असणार. हरकत नोंदवा.

काळी चार

नोंदवली. ती तपासायला गेली त्याच कंपनीकडे. कंपनीनं बराच वेळ घेऊन कळवलं की आमचा दावा बरोबर आहे.

कंपूवाले वकील

मग अपील करा.

काळी चार

अपिलात त्यांनी व्हिडिओ काढायला लावला की चॅनलवर स्ट्राइक बसते, आणि तीन स्ट्राइकला चॅनलच जातं. मुलांचे सगळे धडे त्यावर आहेत. घेऊ देत पैसे.

मुरारकर

बुवा, मग आता तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?

काळी चार

तुमच्या नाही. एवढं लिहून ठेवा.