रिपोर्टमध्ये स्ट्रेप्टोकोकस आला, पण त्या जिवाणूचा स्ट्रेन (उपप्रकार) कुठला ते का नाही लिहीत?

ऐरोलीकर:
मामांना (शुगर आहे) पायाला खरचटलं होतं, तसेच पावसाच्या पाण्यातून चालत आले, बघता बघता पाय लालभडक, ताप, बीपी खाली, आणि दुखणं तर सुजेच्या मानाने भलतंच. ठाण्यात ॲडमिट केलं, नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस (त्वचेखालचा भाग झपाट्याने सडवणारं इन्फेक्शन) निघालं, ताबडतोब ऑपरेशन, आता वॉर्डात आहेत, जेवतायत. ब्लड कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस. भाची मायक्रोबायोलॉजी करतेय, ती म्हणते याचा स्ट्रेन बघायला हवा. लॅबवाले म्हणतात आम्ही ते करत नाही. ते न केल्याने ट्रीटमेंटमध्ये काही राहून जातंय का?

प्लेटवाली_कळवा:
नाही हो, ट्रीटमेंट अडत नाही. ग्रुप ए स्ट्रेप, म्हणजे हाच पायोजेनीस, अजून पेनिसिलिनला दाद देतो, सोबत क्लिंडामायसिन देतात ते टॉक्सिन (जिवाणूचं विष) बनणं थांबवायला, स्ट्रेन कुठलाही असो. टायपिंग (स्ट्रेन ओळखणं) पेशंटसाठी नसतं, पुढच्यांसाठी असतं.

या जिवाणूच्या अंगावर एम प्रोटीन असतं, त्याच्या जीनचा सुरुवातीचा तुकडा वाचून ईएमएम टाइप ठरतो, असे २०० हून जास्त आहेत. पण तेवढ्याने भागत नाही. इंग्लंडमध्ये ईएमएम १ कित्येक वर्षं होताच, केसेस वाढल्या तेव्हा पूर्ण जीनोम (जिवाणूचा सगळा डीएनए) वाचला तर त्यातच एक वेगळी शाखा, एम१यूके. जुन्यापेक्षा डीएनएच्या फक्त २७ अक्षरांचा फरक आणि एसपीई-ए नावाचं टॉक्सिन सुमारे नऊपट! २०१९ ला छापून आलं. नुसतं टायपिंग केलं असतं तर दोन्ही 'ईएमएम १' म्हणूनच गेले असते. मग हाच एम१यूके जपानमध्येही सापडला, तिथे २०२३ ला स्ट्रेप टॉक्सिक शॉकच्या (या टॉक्सिनमुळे बीपी कोसळून अवयव निकामी होणं) ९४१ केसेस झाल्या होत्या.

वाशी_टू_सीएसटी:
मॅडम तिकडे २७ अक्षरं मोजतायत, इथे कल्चर पाठवायच्या आधीच अँटिबायोटिक देऊन टाकतात, मग उगवणार काय डोंबल. आधी ते सुधारा.

प्लेटवाली_कळवा:
शॉकमध्ये असलेल्या पेशंटचं अँटिबायोटिक कोणी थांबवून ठेवणार नाही, पण रक्त आधी काढायला मिनिट लागतं हे मात्र खरं. आणि आलेलं तरी कुठे जपतो आपण, रिपोर्ट गेला की जिवाणू उगवलेली प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारायचं यंत्र). डेंग्यू, लेप्टो आलं की पालिकेला कळवतो, याचं कोणी विचारतही नाही. इंग्लंडमध्ये रक्तात वा आत खोल शिरलेला ग्रुप ए स्ट्रेप २०१० पासून कळवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे तर टाइपची खिचडी आहे, तिकडच्यासारखा एकट्या ईएमएम १ चा जोर नाही, त्यामुळे त्यांच्या टाइपवर बेतलेली लस उद्या आली तरी इथे किती चालेल कोण जाणे. एका बाळंतीण वॉर्डात दोघींना झालं तर? एकाच माणसाकडून गेलं की योगायोग, ते ओळखायचं तर दोन्ही जिवाणू जपलेले हवेत.

ऐरोलीकर:
आलं लक्षात. मग मामांचा जपायला सांगता येईल का? आणि मामी, आजी घरातच आहेत, त्यांना काही द्यायचं का?

प्लेटवाली_कळवा:
डॉक्टरांकरवी लॅबला सांगा, प्लेट टाकली नसेल तर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवता येतं, ज्या मेडिकल कॉलेजात सिक्वेन्सिंग चालतं तिथे भाचीला विचारू दे. घरच्यांचं म्हणाल तर महिनाभर ताप, घसा, कुठे लाल सूज यावर लक्ष ठेवा, काही वाटलं तर थेट हॉस्पिटल. आजींचं वय बघता आधीच गोळ्या द्यायच्या का हे मात्र त्याच डॉक्टरांना विचारा, मेडिकलवरून आणून देऊ नका.

ऐरोलीकर:
सकाळी राउंडला विचारतो. थँक्यू मॅडम.