घरच्या बिअरसाठी तांब्याच्या कॉइलचा चिलर: सल्ला हवा

ह्यूस्टनकर:
नमस्कार मंडळी. घरी एका वेळी ५ गॅलन (साधारण १९ लिटर) बिअर करतो. उकळलेला वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) गार करायला केटल, म्हणजे उकळायचं मोठं भांडं, बर्फाच्या टबात ठेवतो, पण फार वेळ जातो. आता केटलमध्ये सोडायचा चिलर, म्हणजे आतून नळाचं गार पाणी फिरवायचं तांब्याच्या नळीचं वेटोळं, स्वतः वळायचाय. नळी ३/८ इंची की १/२ इंची? २५ फूट पुरेल का ५०? इथे उन्हाळ्यात नळाचं पाणीच २९-३० अंशांचं येतं, म्हणून जितकी लांब तितकी बरी असं वाटतंय. शिवाय आई म्हणते, आंबट पदार्थ तांब्यात कळकतो. वर्टचं काय?

तांबडी_माती:
५ गॅलनला ३/८ इंची, ५० फूट घ्या. १/२ इंची वळायला जड आणि पाणीही जास्त खाते. वेटोळं करून विकतात ती मऊ नळीच हवी. सरळ, कडक नळी वळत नाही. कॉर्नी केगभोवती (बिअर भरायचा स्टीलचा उभा डबा) गुंडाळा, माप छान बसतं. टोकं वर नेताना काटकोन येतो, नळी चेमटते ती तिथेच. स्प्रिंग बेंडर (वळवताना नळी चेमटू न देणारी स्प्रिंग) नसेल तर नळीत कोरडं बारीक मीठ ठासून भरा, टोकं बंद करा आणि मग वळवा. नंतर गरम पाणी सोडलं की मीठ विरघळून जातं, म्हणून वाळूपेक्षा मीठ बरं.

आणि दोन्ही टोकं केटलच्या काठाबाहेर काढून खाली वळवा. पाण्याची नळी क्लॅम्पने जोडतो तिथे थेंब गळतोच कधीतरी. तो जमिनीवर पडावा, वर्टमध्ये नाही. मग जोडाला डाग द्यायची (सोल्डर करायची) गरजच पडत नाही.

डॅलसची_अक्का:
व्यासाबद्दल सहमत, पण लांबीचा तुमचा तर्क पटला नाही. कॉइल १०० फुटांची केलीत तरी वर्ट नळाच्या पाण्यापेक्षा गार होणार नाही. ३७-३८ अंशांपर्यंत झरझर उतरेल, मग रेंगाळेल. तिथे नळ बंद करा आणि बादलीत बर्फ-पाणी घेऊन छोट्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायच्या) पंपाने कॉइलमधून फिरवा.

हिशेब बघा. १९ लिटर १०० वरून १९ अंशांवर आणायला सुमारे ६,४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे सगळं बर्फावर सोडलं तर १९ किलो बर्फ. पण ३७ पर्यंतचं काम नळाने केलं, तर उरतात १,४०० च्या आसपास, म्हणजे सव्वाचार किलो. केटल आणि हवेचं नुकसान धरून ८-९ किलो आणा.

सगळ्यात महत्त्वाचं: वर्ट ढवळत राहा. नाहीतर कॉइलभोवती गार थर धरतो आणि बाकीचा वर्ट तसाच तापलेला राहतो. ढवळण्याने जितका वेळ वाचतो तितका जास्तीच्या २५ फुटांनीही वाचत नाही.

तांबडी_माती:
पंपाचं अगदी बरोबर.

कळकण्याबद्दल: वर्टचा पीएच ५.२ च्या आसपास असतो आणि कॉइल आत असते थोडाच वेळ. तेवढं तांबं यीस्टला उलट हवंच असतं. पण नळीवर हिरवा थर दिसला तर ती तशीच बुडवू नका, तो वर्टमध्ये उतरतो. व्हिनेगरने किंवा चिंचेने घासून धुवा. नवी नळी आधी साबणाने धुवा, तिला तेल असतं. तयार बिअरला मात्र तांबं लावू नका, चव लवकर शिळी होते.

ह्यूस्टनकर:
मनापासून आभार! ५० फुटी नळी आणि पंप, ठरलं. निर्जंतुक कशी करायची?

डॅलसची_अक्का:
उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत केटलमध्ये सोडा. त्याआधी कॉइलच्या आतलं पाणी फुंकून पूर्ण काढा, राहिलं तर उकळून टोकातून उसळतं आणि हात भाजतो. बाहेर येणारं पहिलं पाणीही जवळजवळ उकळतं असतं, त्या बाजूला साधी प्लास्टिकची नळी मऊ पडून निसटते. सिलिकॉनची लावा. ते पाणी बादलीत धरा, भांडी धुवायला कामी येतं.