टेंग्वारमध्ये ‘एलेन’ लिहिलं, मुलीने ‘लेने’ वाचलं. कुठे चुकलं?

प्रश्न

मी बोरूने देवनागरी सुलेखन करते. मुलीच्या पुस्तकांच्या कपाटावर लावायला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनच्या क्वेन्या या एल्फ लोकांच्या कल्पित भाषेतला ‘एलेन’, म्हणजे तारा, हा शब्द त्याच्याच टेंग्वार लिपीत हातकागदावर लिहिला. समोर नमुना होता त्या कादंबरीतल्या अंगठीवरच्या लेखाचा. त्यात स्वराची खूण पुढच्या व्यंजनावर बसते, म्हणून मी ‘ल’वर ए दिला आणि ‘न’वर ए. दोनच अक्षरं, दिसायलाही सुरेख. मुलगी म्हणाली, “आई, हे ‘लेने’ झालं.” लिपी एकच आहे, मग वाचन का बदलावं?

प्रतिसाद १

ताई, मुलीचं बरोबर आहे. अंगठीवरची लिपी एल्फांची असली तरी भाषा मॉर्डॉरची, म्हणजे कथेतल्या खलनायकाच्या देशाची आहे. तिथली पद्धत क्वेन्याला चालत नाही. क्वेन्यातले बहुतेक शब्द स्वरान्त, म्हणून खूण आधीच्या व्यंजनावर, आपल्या मात्रेसारखी. सिंदारिन या एल्फांच्या दुसऱ्या भाषेत बहुतेक शब्द व्यंजनान्त, म्हणून ती पुढच्या व्यंजनावर. १९५५ साली आलेल्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात हे सगळं आहे.

तुमच्या पहिल्या ‘ए’च्या आधी व्यंजनच नाही. तो एका छोट्या उभ्या रेघेवर बसवायचा. सावरकरांच्या लिपिशुद्धीतले ‘अि’, ‘अु’ आठवा. ‘अ’ तिथे जे काम करतो तेच ही रेघ करते.

अंगठीवरून स्वरांच्या आकड्यासारख्या खुणाही उचलू नका. उजवीकडे उघडणारा आकडा तिथे ‘उ’ आहे, कारण त्या भाषेत ‘ओ’ क्वचितच येतो. इतरत्र तोच आकडा बहुधा ‘ओ’ असतो.

प्रतिसाद २

व्यंजनंही भाषेगणिक बदलतात. एक दांडी आणि एक पोट म्हणजे ‘त’. पोट दुहेरी केलं की सिंदारिनमध्ये ‘द’, पण क्वेन्यात तेच अक्षर ‘न्द’, कारण तिथे सुटा ‘द’ नाहीच. कथेतल्या मोरिया या भूमिगत नगरीच्या दारावर तर स्वरांच्या खुणाच नाहीत, स्वरांना पूर्ण अक्षरं आहेत. आपण नाही का, ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ एकाच ‘च’ने लिहितो आणि न अडखळता वेगळे वाचतो.

पुन्हा प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीबरोबर परिशिष्ट वाचलं आणि एका ओळीवर थांबले. क्वेन्यात ‘आ’ इतका वारंवार येतो की त्याची खूण बऱ्याचदा गाळतात. ‘काल्मा’, म्हणजे दिवा, नुसत्या क-ल-म या तीन व्यंजनांनी लिहिला तरी चालतो. भाषा येणारा बरोबरच वाचतो, कारण दुसरं काही वाचायला तसा शब्दच नाही. मी पंचवीस वर्षं ‘कमळ’ लिहिते आहे. तीन मोकळी अक्षरं, आणि शेवटचा ‘अ’ कुणी उच्चारत नाही. त्या अक्षरांत वाचणाऱ्याची भाषा इतकी भरलेली असते, हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

नवा कागद कापलाय. रेघेवर ए, ‘ल’वर ए, ‘न’ मोकळा. रेघ किती उंच घ्यावी, ‘ल’च्या निम्मी की बरोबरीची?