शाळेच्या घंटेचं घड्याळ रोज ७ सेकंद मागे : क्रिस्टलला कपॅसिटर किती पीएफचे?

निवृत्त_मास्तर
नमस्कार मंडळी. मी देवरुखकडचा, विज्ञान शिकवायचो, आता घरीच असतो. आसपासच्या शाळांना आपोआप वाजणारी घंटा करून देतो. चिप एसटीएम३२एफ१०३ (मायक्रोकंट्रोलर), बोर्ड घरीच खोदलेला. ठोके देणारा एक क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आणि वेळ राखायला दुसरा ३२.७६८ किलोहर्ट्झचा, तो बारीक नळीसारखा. दोन्हींना २२ पीएफचे (पिकोफॅरड) कपॅसिटर लावले. खरं कारण सांगतो: ८ मेगाहर्ट्झच्या एका सर्किटात तेच होते आणि माझ्याकडे पाकीटभर पडले होते.

तीन बोर्ड केले. दोन चालतात, पण रोज साधारण ७ सेकंद मागे पडतात. जूनमध्ये लावलेली घंटा गणपतीच्या सुट्टीत पाहिली तर जवळजवळ दहा मिनिटं मागे. शाळा उशिरा सुटते म्हणून मुलांनी बोंब मारली. सकाळी उशिरा येणाऱ्यांची अर्थातच काही तक्रार नव्हती.

तिसऱ्याचं वेगळंच. सेल काढून परत घातला की घड्याळ कधी सुरू होतं, कधी नाही. क्रिस्टलच्या पायाला बोट लावलं की सुरू! ऑसिलोस्कोपचा प्रोब (मोजायची तार) लावला की चालू असलेलं बंद.

क्रिस्टलच्या कागदावर लोड कपॅसिटन्स (क्रिस्टलवर एकूण किती कपॅसिटन्स हवं ते) ७ पीएफ आणि ईएसआर (क्रिस्टलचा आतला रोध) जास्तीत जास्त ७० किलोओहम लिहिलंय. मग ७ चे दोन लावू की १४ चे?

सोल्डरबहाद्दर
सर, दोन्ही नाही. क्रिस्टलच्या दोन टोकांकडून बघितलं तर तुमचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत, म्हणजे सारखे असतील तर निम्मे. त्यात चिपच्या पिना आणि ट्रॅक यांचं आपसूक येणारं कपॅसिटन्स मिळवायचं. ते २ ते ५ पीएफ असतं, तुमच्या बोर्डावर ३ धरू. आत्ताचा हिशोब : ११ + ३ = १४. क्रिस्टलला हवेत ७, तुम्ही दुप्पट ओझं लादलंय. ओझं वाढलं की क्रिस्टल हळू चालतो. नळीवाल्या क्रिस्टलचे नेहमीचे आकडे घालून मला ८० पीपीएमच्या (दहा लाखांत ८०) आसपास येतंय, म्हणजे दिवसाला ६.९ सेकंद. तुमचे ७ तिथूनच आले.

उलटा हिशोब : ७ − ३ = ४, त्याची दुप्पट ८. बाजारात ८.२ मिळतो.

तिसऱ्या बोर्डाचं दुखणंही याच पोटातलं आहे. या चिपचा ३२ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर अगदी अशक्त, डेटाशीटप्रमाणे ५ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट. क्रिस्टल हलता ठेवायला लागणारी ताकद ईएसआरच्या पटीत आणि कपॅसिटन्सच्या (क्रिस्टलचं स्वतःचं थोडं धरून) वर्गाच्या पटीत वाढते. १४ पीएफला ती २.८५ येते, म्हणजे हाताशी पावणेदोन पट. ७ पीएफला ०.८६, म्हणजे जवळजवळ सहापट. चिप बनवणारी एसटी कंपनी स्वतः निदान पाचपट ठेवा म्हणते. याच चिपच्या डेटाशीटमध्ये १२.५ पीएफचा क्रिस्टल कधीही वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि दुकानदार न विचारता नेमका तोच हातात ठेवतो.

प्रोबचं म्हणाल तर दहापटीचा प्रोबसुद्धा स्वतःचे १० पीएफ वगैरे घेऊन येतो. त्या पिनांना हात लावू नका. आरटीसीचं (चिपमधल्या घड्याळाचं) ५१२ हर्ट्झचं आउटपुट पीसी१३ या पिनेवर काढा, तिथे खुशाल मोजा.

खारा_वारा
रत्नागिरीकर बोलतोय. सोल्डरिंगचा फ्लक्स धुतलाय का? या क्रिस्टलला गळती अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात फ्लक्सचा चिकटा ओल धरतो आणि घड्याळ रुसतं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. कपॅसिटर एनपी०चेच (तापमानाने न बदलणारे) घ्या. आणि अंगावरचे आकडे नीट वाचा : २२० लिहिलं असेल तर तो २२ पीएफ, २२१ म्हणजे २२० पीएफ. यात मी एकदा अख्खा रविवार घालवलाय.

निवृत्त_मास्तर
फ्लक्स धुतला नव्हता. वर्गात मुलांना सिरीजमधले कपॅसिटर वीस वर्षं शिकवले आणि स्वतःच्या बोर्डावर ओळखले नाहीत, असो. पण मग ८ मेगाहर्ट्झवाला त्याच २२ वर बिनतक्रार कसा चालतो?

सोल्डरबहाद्दर
तोही थोडा चुकत असणार. त्या क्रिस्टलना बहुतेक वेळा १८-२० पीएफ लागतात, तुम्ही १४ देताय. पण त्याच्यावर तुम्ही कॅलेंडर चालवत नाही. सिरियल पोर्टला टक्का-दोन टक्के चूकही खपते, तिथे काही दशक पीपीएम कोण बघतो?

पायरीपायरीने
थोडा वेगळा सल्ला. ८.२ ऐवजी ६.८ लावा. एफ१०३ मध्ये आरटीसीची दुरुस्ती फक्त घड्याळ हळू करू शकते : दर १०,४८,५७६ ठोक्यांमागे ० ते १२७ ठोके गाळते. एक पायरी ०.९५ पीपीएम. म्हणजे मागे पडणाऱ्या घड्याळाला सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही, पुढे जाणाऱ्याला आहे. ६.८ वर ओझं ६.४ होईल, घड्याळ दिवसाला सेकंदभर पुढे जाईल. ते मोजा आणि तेवढं गाळा.

उन्हाळ्यात तरी थोडं मागे पडेलच. हा क्रिस्टल २५ अंशांना सगळ्यात जलद असतो, गारठा असो की ऊन, दोन्हीकडे हळूच होतो. पत्र्याखाली ४० अंश असतील तर साधारण ८ पीपीएम, दिवसाला पाऊण सेकंदाच्या आत. घंटेला चालतंय.

निवृत्त_मास्तर
तिन्ही बोर्ड घासून धुतले, ६.८ चे लावले. पहिला दहा दिवस मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहिला : ११ सेकंद पुढे. म्हणजे १२.७ पीपीएम, १३ ठोके गाळले. त्यानंतरच्या आठवड्यात फरक डोळ्यांना दिसण्याइतका नाही. तिसरा सलग वीस वेळा सेल काढून घातला, वीसही वेळा बोट न लावता सुरू झाला.

सोल्डरबहाद्दर, तुमचं ऐकून ८.२ चे पन्नास आधीच मागवून बसलो होतो. ते कोणाला हवेत का?