मिसळीच्या दुकानाच्या पाटीसाठी ‘मोदक’ फॉन्ट योग्य ठरेल का?

प्रश्न (राजारामपुरीकर):
कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या दुकानावर १२ फूट रुंद व ३ फूट उंच अशी नवी पाटी लावायची आहे. मजकूर ‘झणझणीत मिसळ’ एवढाच आहे. पण अक्षरे ठसठशीत, गोलमटोल आणि हाताने काढल्यासारखी दिसावीत, म्हणून मी ‘मोदक’ निवडला. पडद्यावर तो देखणा दिसला. मात्र त्याच फॉन्टमध्ये दरपत्रक छापून आणले, तेव्हा ‘ळ’ची दोन्ही पोटे शाईने बुजून गेली होती. पाटीवर अ‍ॅक्रिलिकची कापीव अक्षरे बसवायची आहेत. फॉन्ट ठेवावा की बदलावा?

उत्तर (अक्षरजुळणी):
फॉन्टचा दोष नाही, आकार चुकला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या या फॉन्टची अक्षरे मुळात हाताने रेखाटलेली आहेत आणि त्यांची सारी गंमत अशी, की काळा भाग जमेल तितका फुगवून आतल्या पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक पांढऱ्या फटी ठेवल्या आहेत. दरपत्रकाच्या आकारात या फटी केसाएवढ्या उरतात, त्यामुळे तेथे त्याच संस्थेचा ‘मुक्त’ वापरावा. पाटीसाठी मात्र पूर्ण मापाची एक कागदी प्रत काढा आणि ‘ळ’मधील सर्वांत अरुंद फट पट्टीने मोजा, कापणाऱ्याच्या राउटरचे (अक्षरे कापणाऱ्या यंत्राचे) बिट, म्हणजे फिरते पाते, तिच्यापेक्षा जाड असेल, तर ‘बलू’कडे वळा, कारण तोही गोलसर व जाडजूड असून त्याची पोटे मोकळी आहेत. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. व्यवसायासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

उत्तर (जुना पेंटर):
चित्रकार व चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या गावात पाटी कापून घ्यावी लागते, याचे थोडे वाईट वाटते; असो. आपल्या मजकुरात ‘झ’ दोनदा आणि ‘ण’ दोनदा येतो. आम्ही खडूत घोळलेल्या दोऱ्याने ओळ मारून अक्षरे भरत असू, तेव्हा दुसरा ‘झ’ पहिल्यासारखा कधीच उतरत नसे. शेजारच्या अक्षराने जितकी जागा सोडली असेल, तितके त्याचे पोट सुटत असे. फॉन्टमध्ये दोन्ही ‘झ’ तंतोतंत सारखे येतात आणि हाताचा भास तिथेच मोडतो. फॉन्ट कोणताही घ्या, दुसऱ्या ‘झ’चा आकार थोडा बदलून घ्या.

उत्तर (डीटीपीवाला):
त्यासाठी अक्षरे आधी कर्व्ह करावी लागतील, म्हणजे मजकुराचे रेषाकृतींत रूपांतर करावे लागेल, आणि कापणाऱ्याकडे फाइलही कर्व्ह करूनच द्यावी. कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर उघडला, तर ‘मि’ची वेलांटी ‘म’च्या पलीकडे जाऊन बसते.

राजारामपुरीकर:
कागदी प्रत काढून मोजली. ‘ळ’ची फट बिटापेक्षा रुंद आहे, त्यामुळे ‘मोदक’च ठेवतो. दुसरा ‘झ’ किंचित कलता करून घेतला आहे. दरपत्रक ‘मुक्त’मध्ये पुन्हा छापायला दिले.