प्रॉडक्शन डेटाबेसच्या पॅरामीटरला कन्सोलवरून हात लावू द्यावा का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, इथे क्लाऊडवर काम करणारे बरेच जण आहेत म्हणून हा विषय काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑरोरा (ॲमेझॉनच्या क्लाऊडवरचा डेटाबेस) असो नाहीतर दुसरं काही, क्लस्टरचे पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंगचे संच) फक्त टेराफॉर्ममधून, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली सेटिंग लागू करणाऱ्या टूलमधून, बदलायचे आणि प्रॉडक्शन अकाउंटमध्ये कन्सोलवरून (क्लाऊडच्या वेबपानावरून हाताने) ते बदलायचा अधिकार कुणालाच ठेवायचा नाही, टीम लीडला नाही आणि डीबीएलाही (डेटाबेस सांभाळणाऱ्यालाही) नाही.

हे मत कुठून आलं ते सांगतो. आमच्याकडे ऑरोरा पोस्टग्रेस आहे. एकदा रात्री दोनला ॲप लटकलं, कुठल्यातरी सर्व्हिसने ट्रान्झॅक्शन उघडून तशीच सोडली होती आणि तिच्या लॉकमागे बाकीच्यांची ही रांग. ऑन-कॉलवरच्या (बिघाड हाताळायची पाळी असलेल्या) मुलाने डोकं शांत ठेवून अडकलेली सेशन्स मारली, आणि परत असं होऊ नये म्हणून कन्सोलवर जाऊन आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट (उघडी पडून राहिलेली ट्रान्झॅक्शन किती वेळाने तोडायची) 600000 वरून 60000 मिलिसेकंद केलं, म्हणजे दहा मिनिटांचं एक मिनिट. हा पॅरामीटर डायनॅमिक आहे, रीबूट लागत नाही, सगळं सुरळीत झालं, सकाळी सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. फक्त कोडमध्ये 600000 तसंच राहिलं.

तीन आठवड्यांनी टीममधल्या एकीने खर्चाच्या हिशोबासाठी सगळ्या रिसोर्सना टॅग लावायचा बदल पाठवला. प्लॅनमध्ये (टेराफॉर्म काय काय बदलणार त्याच्या यादीत) चाळीसेक ओळी टॅगच्या आणि मधेच एक ओळ, 60000 वरून 600000. तो रिव्ह्यू मी केला होता आणि ती ओळ मला दिसली नाही. पुढच्या शनिवारी रात्री परत तीच रांग, आणि या वेळी ऑन-कॉलवर जी होती तिला आधीचं काहीच माहीत नव्हतं. मुलाने केलेला बदल चांगलाच होता हो, पण तो अशा जागी केला होता जिथे तो टिकणारच नव्हता. म्हणून म्हणतो, तो दरवाजाच बंद करा.

जुना डीबीए

असहमत. आणि जरा सविस्तर असहमत, कारण कोडमध्ये आहे म्हणजे डेटाबेसमध्ये आहे हा जो समज पसरलाय ना त्याचा मला खरंच त्रास होतो.

एक, टेराफॉर्म "ॲप्लाय कम्प्लीट" म्हणतं तेव्हा बदललेला असतो पॅरामीटर ग्रुप, चालता डेटाबेस बदललाच असेल असं नाही. मॅक्स_कनेक्शन्स, शेअर्ड_बफर्स, आरडीएस.लॉजिकल_रेप्लिकेशन हे सगळे स्टॅटिक. तिथे ॲप्लाय मेथड पेंडिंग-रीबूट द्यावी लागते आणि रीबूट होईपर्यंत जुनीच व्हॅल्यू चालू. पुढचा प्लॅन मात्र म्हणणार "नो चेंजेस". महिनाभराने फेलओव्हर झाला (मुख्य मशिन पडून काम दुसऱ्यावर गेलं) की कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती नवी व्हॅल्यू लागू होते, आणि तोवर तो बदल करणारा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

दोन, मायएसक्यूएलवाल्यांसाठी. लाँग_क्वेरी_टाइम 10 सेकंदांवरून 1 केलं, डायनॅमिक आहे, झालं लगेच लागू. पण ते नव्या कनेक्शनना. ॲपच्या पूलमध्ये सकाळपासून उघडी असलेली कनेक्शन्स जुन्याच आकड्यावर चालतात, मग लोक विचारत बसतात की स्लो लॉग (संथ क्वेरींची नोंद) रिकामा का.

तीन, पोस्टग्रेसमध्ये कुणी ऑल्टर रोल करून एखाद्या युजरला स्टेटमेंट_टाइमआउट लावून ठेवला असेल तर तो पॅरामीटर ग्रुपच्या वर चढतो, आणि त्याचा तुमच्या रेपोत (कोड ठेवता तिथे) मागमूसही नसतो. ऑरोरात तर क्लस्टरचा ग्रुप वेगळा, इन्स्टन्सचा वेगळा, आणि दोन्हीकडे असलेल्या पॅरामीटरमध्ये इन्स्टन्सवाला जिंकतो. एवढ्या ठिकाणी सेटिंग राहतंय आणि तुम्ही त्यातलं एक ठिकाण गिटमध्ये टाकून म्हणताय की आता डीबीएने हात लावायचा नाही! रात्री दोनला मी काय करू मग, पुल रिक्वेस्ट टाकून (कोडमधला बदल मंजुरीला पाठवून) अप्रूव्ह करणारा जागा व्हायची वाट बघू?

टेकडीवरून

धागाकर्त्याशी सहमत. डीबीएकाका, तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत पण ते कोडच्या विरोधात कसे जातात ते मला कळलं नाही. रीबूट तर कन्सोलवरून बदललं तरी लागतोच ना.

मी अडीच वर्षांपूर्वी या कामाला लागले तेव्हा आमच्या क्लस्टरवर रँडम_पेज_कॉस्ट 1.1 होतं, डीफॉल्ट 4. का, ते कुणालाच सांगता येईना. मी फाइलची हिस्टरी काढली, त्या ओळीच्या कमिटमध्ये कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं होतं की कुठली क्वेरी सीक्वेन्शियल स्कॅनला (अख्खं टेबल वाचायला) जात होती, बदलाआधी किती वेळ लागायचा, नंतर किती. लिहिणारा माणूस कंपनीतून कधीच गेलेला, मी त्याला पाहिलंसुद्धा नाही, पण त्याच्याकडून शिकले. कन्सोलवर केलेल्या बदलाचं क्लाऊडट्रेलमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाऊडवर कोणी काय केलं त्या नोंदींमध्ये) फार तर कोणी आणि कधी एवढं सापडतं. का केलं ते नाही सापडत.

दोघांचीच टीम

आम्ही कोल्हापुरात, कंपनी छोटी, इन्फ्रा बघणारे आम्ही दोघं आणि त्यातला एक अर्धा वेळ ॲपचं काम करतो. आम्हीपण सगळं कोडमध्ये नेलं, हौसेनेच नेलं, आणि त्यातूनच आम्हाला फटका बसला म्हणून लिहितोय.

रिपोर्टच्या क्वेरी संथ होत्या म्हणून वर्क_मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) वाढवायचं ठरलं. 64 एमबी. फाइलमध्ये लिहिलं 64. आमच्यातल्या एकाने लिहिलं, दुसऱ्याने पास केलं. आता वर्क_मेमचा आकडा केबीमध्ये घेतला जातो, म्हणजे आम्ही दिले 64 केबी, जी त्याची किमान मर्यादाच आहे, डीफॉल्ट 4 एमबीच्याही खूप खाली. एरर येण्याचा प्रश्नच नाही, व्हॅल्यू वैध आहे. मग प्रत्येक सॉर्ट डिस्कवर टेम्प फाइल लिहायला लागला आणि अर्धा दिवस आम्ही क्वेरी प्लॅन उलटेपालटे करत बसलो. कन्सोलवर तेच करायला गेलो असतो तर पॅरामीटरच्या शेजारीच केबी लिहिलेलं असतं, किमान-कमाल किती तेही असतं, डायनॅमिक की स्टॅटिक तेही. कोडच्या फाइलमध्ये नुसता एक उघडा आकडा असतो आणि तो बघून रिव्ह्यू करणाऱ्याला वाटतं की समोरच्याने बघितलंच असेल.

परत कोडमधून बाहेर पडलोय का, तर नाही. पण कन्सोल बंद करा म्हणणं मोठ्या टीमला परवडतं. आम्हा दोघांपैकी एक गावी गेला की दुसऱ्याला अप्रूव्हल देणार कोण?

रात्रपाळी

@दोघांचीच टीम, केबीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आम्ही आता आकडा उघडा लिहीतच नाही, 64 * 1024 असं लिहितो आणि ओळीवर कॉमेंटमध्ये युनिट. शेअर्ड_बफर्सला तर हे फारच लागतं कारण तो 8 केबीच्या पटीत मोजतात. मॅक्स_कनेक्शन्सला आम्ही आकडा देणंच सोडलं. मूळचा फॉर्म्युला, म्हणजे इन्स्टन्सची मेमरी भागिले 9531392 पण 5000 च्या वर नाही, तो तसाच ठेवलाय. आधी कुणीतरी 2000 ठोकून दिलं होतं आणि तेच मॉड्यूल स्टेजिंगच्या (चाचणीसाठीच्या) 4 जीबीच्या मशिनला लागत होतं.

@जुना डीबीए, रात्री दोनचं म्हणाल तर इमर्जन्सीचा एक वेगळा रोल ठेवायचा, तो घेतला की सगळ्या चॅनलवर सूचना जाते. आणि रोज पहाटे प्लॅन डीटेल्ड-एक्झिटकोडसकट चालवायचा, एक्झिट कोड 2 आला की कोड आणि खरी स्थिती यात फरक आहे, त्याचं तिकीट आपोआप उघडतं. हे असतं तर आमचे 60000 दुसऱ्याच दिवशी फाइलमध्ये गेले असते.

जुना डीबीए

म्हणजे दरवाजा बंद नाही, दरवाजाला घंटा लावलीत. मग धाग्याच्या सुरुवातीला "कुणालाच अधिकार नको" लिहिलंत ते मागे घ्या, कारण नवीन पोरं तेवढंच वाचून पॉलिसी लावतात.

पॅसिफिक किनारा

मी गुगलच्या क्लाऊड एसक्यूएलवर आहे, तिथे हाच प्रश्न आणखी टोचतो. तिथे पॅरामीटर ग्रुप हा प्रकारच नाही, इन्स्टन्सच्या सेटिंगमध्येच डेटाबेस फ्लॅग लिहायचे, आणि काही फ्लॅग बदलले की इन्स्टन्स तिथल्या तिथे रीस्टार्ट होतो, थांबून रीबूटची वाट बघणं वगैरे नाही. पुल रिक्वेस्टमध्ये रीस्टार्टवाला फ्लॅग आणि बिनरीस्टार्टचा फ्लॅग अगदी सारखेच दिसतात. आमच्याकडे दुपारी अकराला एकाने मर्ज केलं (मंजूर बदल मुख्य कोडमध्ये घेतला) आणि ऐन गर्दीत कनेक्शन्स तुटली. त्यामुळे आमच्या इथे डेटाबेसची पाइपलाइन (कोडमधला बदल लागू करणारी यंत्रणा) मर्जवर चालत नाही, माणूस ठरलेल्या वेळेला हाताने सोडतो. कोड हवाच, पण मर्ज झालं की आपोआप ॲप्लाय, हे डेटाबेसला लावू नका एवढं कळकळीने सांगेन.

अवांतर: सगळे टेराफॉर्म टेराफॉर्म म्हणताय म्हणून, 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याचं लायसन बदललं, त्यानंतर आम्ही ओपनटोफूवर (टेराफॉर्मपासूनच निघालेल्या मुक्त टूलवर) गेलो. पॅरामीटरच्या बाबतीत दोन्हीकडे वागणूक तीच.

टेकडीवरून

आणखी एक गोष्ट राहिली, जे आता सुरुवात करताहेत त्यांच्यासाठी. क्लस्टर पहिल्या दिवशी बनवतानाच स्वतःचा पॅरामीटर ग्रुप लावा, रिकामा असला तरी चालेल. डीफॉल्ट ग्रुप बदलता येत नाही, आणि नंतर दुसरा ग्रुप जोडायचा तर चालू प्रॉडक्शनला रीबूट द्यावा लागतो. तसंच ग्रुपचं नाव कायमचं ठोकू नका, नेम प्रीफिक्स (नावाची फक्त सुरुवात) द्या आणि क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय (आधी नवा बनवा, मग जुना पाडा) लावा. आम्ही पोस्टग्रेस 15 वरून 16 ला जाताना फॅमिली (ग्रुप कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते) बदलली, टेराफॉर्म जुना ग्रुप आधी पाडायला गेलं, तो वापरात होता म्हणून पाडता येईना आणि सगळं अर्ध्यात अडकलं. फाइलमधली ओळ नुसती पुसली तर व्हॅल्यू "आहे तशी" राहत नाही, डीफॉल्टला जाते, हेही लक्षात असू द्या. मला हे चुकूनच कळलं.

रात्रपाळी

@जुना डीबीए, ठीक, ते वाक्य मागे घेतो. आता असं म्हणतो: कन्सोलवर केलेला बदल चोवीस तासांत कोडमध्ये आला पाहिजे, नाहीतर तो पुसला जाणार, आणि हे सगळ्यांना आधीपासून माहीत पाहिजे.

जुना डीबीए

आपोआप पुसायला माझा अजूनही विरोध आहे. रविवारी रात्री मी जीव वाचवायला लावलेला टाइमआउट सोमवारी रात्री तुमच्या पाइपलाइनने काढला तर पहिल्या गोष्टीत आणि यात फरक काय राहिला? तिकीट उघडा, मला फोन करा, दिवसातून दहा वेळा करा, पण डेटाबेसवरची व्हॅल्यू माणसाने बघितल्याशिवाय परत फिरवू नका. आणि ॲप्लाय झाल्यावर पाइपलाइनच्या शेवटी डेटाबेसला जोडून शो कमांडने खरी व्हॅल्यू छापा, पीजी_सेटिंग्जमधला पेंडिंग_रीस्टार्टचा कॉलमपण छापा. एवढं कराल तर तुमच्या रेपोत पहिली पुल रिक्वेस्ट मी टाकतो.

रात्रपाळी

शो कमांडवालं उद्याच टाकतो. पुसण्याचं टीमसमोर ठेवतो, तुमचा मुद्दा तुमच्याच शब्दांत.